तुरिनचं सिनेमा संग्रहालय : लिफ्टच्या रांगेपेक्षा खालचा मजला बघा

खिडकीशेजारी

इटलीत मिलानला उतरलेली आपली मंडळी तिथून एकतर व्हेनिसला जातात, नाहीतर स्वित्झर्लंडच्या गाडीत बसतात. तुरिन कुणाच्या यादीत नसतं. वेगवान गाडीने तासाभराचं अंतर आहे, स्टेशनवरच्या पाट्यांवर ‘तोरिनो’ असं नाव दिसेल. फियाटचं गाव, युव्हेंटस या फुटबॉल क्लबचं गाव, एवढीच त्याची ओळख. पण ज्याला सिनेमाचं थोडंफार वेड आहे त्याने एक अख्खा दिवस या गावासाठी काढावा, आणि तो तिथल्या राष्ट्रीय सिनेमा संग्रहालयात घालवावा. हा धागा त्यासाठीच. कुणी पाहिलं असेल तर भर घाला. दुसऱ्या देशांतली अशी संग्रहालयं पाहिली असतील तर तीही येऊ द्या.

इमारतीपासून सुरुवात करते, कारण ती स्वतःच एक प्रकरण आहे. नाव मोले अंतोनेल्लियाना. १८६३ साली तिथल्या ज्यू समाजाने प्रार्थनास्थळ म्हणून ती बांधायला घेतली. वास्तुविशारद आलेस्सांद्रो अंतोनेल्ली. या गृहस्थांना उंचीचा भलता नाद! मंजूर झालेला आराखडा बाजूला राहिला आणि घुमट वर वर चढत गेला. खर्चही त्याच्या मागोमाग. शेवटी समाजाने हात टेकले आणि अर्धवट इमारत नगरपालिकेने ताब्यात घेतली. अंतोनेल्ली १८८८ मध्ये नव्वदीत वारले, काम संपलं १८८९ मध्ये. उंची १६७.५ मीटर. पुढे १९०४ च्या वादळात टोकावरचा पंखवाला पुतळा पडला आणि १९५३ च्या वादळात सुळक्याचा ४७ मीटरचा तुकडाच खाली आला. तो पुन्हा उभा राहिला १९६१ मध्ये. इटलीच्या दोन सेंटच्या नाण्यावर हीच इमारत आहे, पाकिटात सापडली तर बघा. (२०१८ पासून ती नाणी पाडणं बंद केलंय.)

आता संग्रहालय. ते एका बाईच्या चिकाटीतून उभं राहिलं. मारिया आद्रियाना प्रोलो, जन्म १९०८, पेशाने इतिहास संशोधक. तुरिनमधल्या मूकपटांचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आलं की ज्या लोकांनी हा धंदा उभा केला ते म्हातारे होऊन चाललेत आणि त्यांचे कॅमेरे, पोस्टरं, कागद भंगारात जाताहेत. १९४१ च्या जूनमध्ये त्यांनी डायरीत संग्रहालयाचा विचार नोंदवून ठेवला. महायुद्ध चालू असताना! मग जुन्या बाजारात फिरून, म्हाताऱ्या दिग्दर्शकांच्या घरी खेटे घालून वस्तू गोळा केल्या. सुरुवातीला हा पसारा ठेवायला नगरपालिकेने जागा दिली ती याच मोलेमध्ये. १९५८ मध्ये दुसऱ्या एका राजवाड्यात संग्रहालय उघडलं, ते १९८० च्या दशकात सुरक्षेच्या नियमांपायी बंद पडलं. प्रोलोबाई १९९१ मध्ये गेल्या. २००० साली संग्रहालय पुन्हा उघडलं ते मोलेमध्येच, ते त्यांना बघायला मिळालं नाही.

आत गेल्यावर बहुतेक पर्यटक काय करतात, तर थेट लिफ्ट गाठतात. काचेची लिफ्ट आहे, भिंतीचा आधार नाही, मोठ्या दालनाच्या मधोमध नुसत्या दोरांवर घुमट चिरत वर जाते आणि ५९ सेकंदांत ८५ मीटरवर नेऊन सोडते. वरून आल्प्स दिसतात, हवा स्वच्छ असेल तर. छान आहे, नाही म्हणत नाही. पण तिच्या रांगेत लोक इतका वेळ उभे राहतात की खालच्या मजल्यावरून अक्षरशः पळत जातात, आणि माझ्या मते खरं संग्रहालय तो खालचा मजला आहे.

त्याला ते ‘सिनेमाचं पुरातत्त्व’ म्हणतात. सिनेमा जन्मण्याआधीच्या दोन-तीनशे वर्षांत माणसाने उजेड, सावली आणि भिंग घेऊन जे जे उद्योग केले ते सगळं तिथे आहे. जावा आणि चीनमधल्या चामड्याच्या छायाबाहुल्या. भोकातून आत बघायच्या लाकडी पेट्या, ज्यात मागून उजेड टाकला की दिवसाचं चित्र रात्रीचं होतं. अंधारी खोली, जिथे बारीक छिद्रातून बाहेरचं दृश्य उलटं होऊन समोर पडतं. आणि जादूचे कंदील, शेकड्यांनी. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं दिव्यासमोर धरून पडद्यावर मोठी करायची.

यातला भुतांचा भाग मला फार आवडला. अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये रॉबर्टसन नावाचा एकजण कंदिलाला चाकं लावून पडद्यामागून तो पुढे-मागे सरकवायचा. समोर बसलेल्यांना भूत अंगावर येताना दिसायचं, आणि लोक किंचाळायचे. झूम म्हणजे काय हे कॅमेऱ्याच्या शंभर वर्षं आधी या माणसाने चाकं लावून दाखवलं होतं.

बऱ्याच गोष्टी हाताने चालवून बघता येतात. फिरत्या डब्याच्या फटीतून बघितलं की आतल्या पट्टीवरचा घोडा धावतो. डब्याला फटी नसत्या, पट्टी नुसती उघड्यावर फिरली असती तर? नुसता रंगाचा पट्टा दिसला असता. मधला तो क्षणभराचा अंधार नसेल तर हालचाल दिसतच नाही. पुस्तकात वाचलेलं इथे हातात येतं. शेवटी एडिसनची एकट्याने वाकून बघायची पेटी आणि मग ल्युमिएर बंधू, ज्यांनी पॅरिसमध्ये पैसे घेऊन पडद्यावर सिनेमा दाखवला. इथवर आलात की सिनेमा पॅरिसमध्ये एका रात्रीत जन्मला हे डोक्यातून पार जातं.

त्यानंतर वरचं भव्य दालन. प्रार्थनास्थळ जिथे व्हायचं होतं तिथे आता लाल आरामखुर्च्या मांडल्यात, डोक्यापाशी स्पीकर बसवलेले. पडून राहायचं आणि वरच्या पडद्यांवर जुन्या फिल्मांचे तुकडे बघायचे. मधूनच घुमटाच्या खिडक्या झाकतात आणि घुमटावरही चित्रं पडू लागतात. भोवतीने छोटी छोटी दालनं आहेत, कुठे प्रेम, कुठे भय, कुठे वेडेपणा. त्या वेडेपणाच्या दालनात कमोडवर बसून सिनेमा बघायचा असतो. पोरं खूष, मला तेवढं काही वाटलं नाही.

आणि मोलोक. ‘काबिरिया’ या १९१४ च्या तुरिनमध्ये बनलेल्या मूकपटातली कार्थेजच्या देवाची अवाढव्य मूर्ती, उघड्या तोंडाची, दालनात बसलेली. सिनेमात तिच्या पोटातल्या भट्टीत लहान मुलं टाकतात. दिग्दर्शक जोव्हान्नी पास्त्रोने. याने कॅमेरा गाड्यावर ठेवून हळूहळू पुढे नेला. तोवर कॅमेरा बहुधा एका जागी रोवलेला असायचा. तीन तासांचा चित्रपट, त्यात हत्ती, आल्प्स, ज्वालामुखी. आपला ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच्या आदल्या वर्षीचा, १९१३. फाळके दादरला घरच्या घरी सेट लावत होते तेव्हा तुरिनमध्ये हा कारखाना चालू होता. तेव्हा तुरिन ही इटलीच्या सिनेमाची राजधानी होती. पुढे सगळं रोमला गेलं.

व्यवहाराच्या गोष्टी: मंगळवारी बंद. लिफ्टचं तिकीट वेगळं किंवा एकत्र मिळतं, घरूनच काढून ठेवा. पाट्या इटालियन आणि इंग्रजीत आहेत. तीन-चार तास हाताशी ठेवा.

चहाबाज

वाचनखूण साठवली. फोटो कुठायत? फोटोशिवाय प्रवासाचा धागा म्हणजे फाऊल.

खिडकीशेजारी

अंधारात काढलेले आहेत, सगळे काळे. मोलोकचा एक बरा आलाय, आकार कमी करून टाकते.

हडपसरचा_हरी

मस्त लिहिलंय. एक शंका. आम्ही चौघं जातोय, आई-बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांनी एकही इटालियन सिनेमा पाहिलेला नाही, बाबांना सिनेमा म्हणजे राजा परांजपे. त्यांना कंटाळा येईल का? आणि चालायला किती आहे?

खिडकीशेजारी

@हरी, इटालियन सिनेमा पाहिला नसेल तर उलट बरं. खालच्या मजल्यावर सिनेमा माहीत असण्याची गरजच नाही, सगळं डोळ्यांनी आणि हातांनी कळतं. वरच्या मजल्यांवर दिग्दर्शन, छायाचित्रण, पोशाख, पोस्टरं यांचे विभाग आहेत, तिथे नावं ओळखीची नसली की माणूस लवकर थकतो. ते आई-बाबांना वगळायला सांगा. घुमटाच्या आतल्या बाजूने एक गोल चढण वर जाते, तात्पुरती प्रदर्शनं तिच्यावर मांडतात. गुडघे दुखत असतील तर तीही सोडा. लाल खुर्च्यांवर मात्र त्यांना झोपवाच. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा चक्क घोरत होते, कुणी उठवलं नाही.

स्पष्टवक्ता

लेख चांगला. पण आपल्या लोकांचं हे नेहमीचंच. तुरिनला जाऊन जादूचा कंदील बघतील, मुंबईत पेडर रोडला आपलं स्वतःचं राष्ट्रीय सिनेमा संग्रहालय आहे तिथे पाऊल टाकणार नाहीत. १९ जानेवारी २०१९ ला उघडलं. फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात. एक भाग गुलशन महल या एकोणिसाव्या शतकातल्या बंगल्यात आणि दुसरा नव्या बहुमजली इमारतीत. मूकपटांपासून सुरुवात, स्टुडिओंचा काळ, नवा सिनेमा, तंत्राचा मजला, मुलांसाठी वेगळा मजला, गांधीजी आणि सिनेमा यावर एक अख्खा मजला. तिकीट वीस रुपये. वीस! वडापावच्या भावात. सोमवारी बंद. आता इथल्या किती जणांनी पाहिलंय, हात वर करा.

आणि दुसरं. त्या तुरिनवाल्यांकडे भारतीय सिनेमा किती आहे? जगात सगळ्यात जास्त सिनेमे काढणारा देश आपला.

चहाबाज

(हात वर नाही.)

कालव्याकाठी

मी पाहिलंय, हात वर. गुलशन महल सुंदर आहे. परदेशातून येणाऱ्या माझ्या मित्रमंडळींना मी तिथे जायला सांगते.

खिडकीशेजारी

@स्पष्टवक्ता, पेडर रोडचं मीही पाहिलंय, आणि आवडलंय, त्यामुळे हे एकतर-नाहीतर काही पटलं नाही. भारतीय सिनेमाबद्दल म्हणाल तर मला तरी तिथे फारसं दिसलं नाही. पण त्याचा राग येण्याचं कारण काय? एका बाईने आपल्या गावच्या सिनेमापासून सुरुवात करून, जुन्या बाजारात मिळेल ते उचलून जमवलेला हा संग्रह आहे. तिच्या पिशवीत कोल्हापूर कुठून येणार? कोल्हापूर गोळा करायचं काम कोल्हापूरचं. बाबूराव पेंटरांनी स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याची आठवण म्हणून खरी कॉर्नरला स्तंभ उभा आहे, तो किती जण मान वर करून बघतात?

स्पष्टवक्ता

कोल्हापूरकर बघतात. निदान मी तरी बघतो. बाकी मुद्दा मान्य नाही, पण पिशवीचं बरोबर आहे.

पाटणकर_कल्याण

कंदिलाचा विषय निघालाच आहे तर आमच्या गावाचं सांगायलाच हवं. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांची मुलं १८९० च्या दशकात ‘शांबरीक खरोलिका’ या नावाने कंदिलाचे खेळ करत होती. मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिएरचा खेळ झाला ७ जुलै १८९६ ला. पटवर्धनांचा कंदील त्याआधीचा! काचेवर रंगवलेली चित्रं, रामायण-महाभारतातले प्रसंग, सोबत निवेदन आणि गाणं. एकाच पात्राच्या वेगवेगळ्या मुद्रांची चित्रं एकामागून एक बदलत न्यायची, म्हणजे बघणाऱ्याला पात्र हललेलं वाटतं. खिडकीशेजारी ताईंनी सांगितलेल्या फिरत्या डब्याचं तत्त्व तेच.

मला यातली गंमत अशी वाटते की युरोपात हा कंदील जत्रेत, शाळेत, चर्चच्या प्रवचनात वापरला जात होता, तर इथे आल्याबरोबर तो कीर्तनाच्या वाटेने गेला. चित्र दाखवायचं आणि कुणीतरी बाजूला उभं राहून कथा सांगायची ही आपली सवयच होती. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पोथीतली चित्रं दाखवत रामायण गातात, आणि त्यांच्याकडे चामड्याच्या छायाबाहुल्याही आहेत. म्हणजे तुरिनच्या पहिल्या खोलीत जे जावाचं आहे त्याचा भाऊबंद सिंधुदुर्गात आहे, आणि तिथला खेळ अजून चालतो. गोव्याला जाता-येता महामार्गापासून फार आत नाही.

खिडकीशेजारी

@पाटणकर_कल्याण, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोठा झाला. पिंगुळीचं मनात असूनही राहिलंय. सविस्तर वेगळा धागा काढाल का?

पाटणकर_कल्याण

काढतो. दिवाळीनंतर.

चहाबाज

कुठल्या वर्षीच्या?

रीळवाला

मी एका तालुक्याच्या गावी थेटरात ऑपरेटर होतो, त्याआधी तंबू सिनेमाबरोबर जत्रा केल्या. आता थेटर पाडून लग्नाचा हॉल झालाय. तुमचं वाचून एक विचारावंसं वाटतं, तिथे प्रोजेक्टर चालू स्थितीत आहेत का, का नुसते काचेत ठेवलेत? कारण प्रोजेक्टर थंड बघण्यात काही नाही.

ताईंनी अंधाराचं बरोबर लिहिलंय. आमच्या मशीनमध्येही तेच. फिल्म सरळ पळत नाही, फ्रेम येते, थांबते, जाते. हे थांबवण्याचं काम क्रॉस करतो, फुलीच्या आकाराचा एक भाग, तेलात बुडालेला. आणि फ्रेम बदलताना शटर उजेड अडवतो. सेकंदाला २४ फ्रेम, पण शटरला दोन पाती, म्हणून पडद्यावर उजेड सेकंदाला ४८ वेळा चमकतो. नाहीतर चित्र लुकलुकेल. लोक तीन तास सिनेमा बघतात त्यातला बराच वेळ पडदा काळा असतो, हे सांगितलं की आमच्या मालकाची बायको म्हणायची, मग अर्धे पैसे परत द्या.

दोन मशीन असायच्या. रीळ संपत आलं की उजव्या कोपऱ्यात वर काळा-पांढरा ठिपका दोनदा येतो, पहिल्याला दुसरी मशीन सुरू करायची, दुसऱ्याला उजेड बदलायचा. चुकलं की शिट्ट्या. कार्बनच्या कांड्या जळत जातात, त्यांच्यातलं अंतर हाताने सारखं करत राहायचं, नाहीतर पडदा पिवळा पडतो. हे कुठल्या संग्रहालयात कुणी दाखवतं का?

खिडकीशेजारी

रीळवाला काका, यंत्रं बहुतेक काचेतच होती. त्यांचं स्वतःचं चित्रपटगृह मात्र आहे, ‘मास्सिमो’, मोलेपासून दोन मिनिटांवर, तीन पडद्यांचं. जुने सिनेमे तिथे लागतात. तुम्ही लिहिलंत तसं लिहिलेली पाटी मला कुठल्याच संग्रहालयात दिसली नाही, हे मात्र खरं. अजून लिहा ना. तंबूचं लिहा.

रीळवाला

लिहीन. मोबाईलवर टाइप करायला वेळ लागतो. एक राहिलं. १९५० च्या आधीची फिल्म नायट्रेटची असायची. ती एकदा पेटली की पाण्यातही जळते. आमच्या उस्तादांनी जळताना बघितली होती. पुण्यात २००३ च्या जानेवारीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या गोदामाला आग लागली, प्रभातच्या जुन्या नायट्रेट रिळांची राख झाली. ती बातमी वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही.

निवांत

नायट्रेटवरून आठवलं. भारतात सुमारे तेराशे मूकपट बनले, त्यातले पुरे-अपुरे धरून जेमतेम तीसेक उरले. ‘राजा हरिश्चंद्र’सुद्धा अख्खा नाही. प्रोलोबाईंसारखं १९४१ मध्ये इथे कुणाला सुचलं असतं तर, असं वाटून जातं. आपल्याकडे सरकारी अभिलेखागार आलं १९६४ मध्ये, आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, गोदामं धुंडाळून डबे आणले. त्यांचं काम प्रोलोबाईंच्याच जातीचं.

धाग्याचा विषय परदेशी संग्रहालयांचा आहे म्हणून माझी भर. फ्रान्समध्ये ल्योनला जा. गल्लीचं नावच ‘पहिल्या फिल्मची गल्ली’ आहे. ल्युमिएर कुटुंबाचा बंगला आता संग्रहालय आहे, आणि कारखान्यातून कामगार बाहेर पडतात ती १८९५ ची फिल्म जिथे घेतली ती शेड शेजारीच जपलीय, तिच्या आत चित्रपटगृह आहे. तुरिनहून आल्प्स ओलांडला की ल्योन, एका सहलीत दोन्ही होतात. पॅरिसला सिनेमाथेक या फिल्म जपणाऱ्या संस्थेत मेलिएस या जुन्या फ्रेंच दिग्दर्शकावरचं संग्रहालय २०२१ पासून आहे, तेही मंगळवारी बंद. या लोकांचं मंगळवाराशी काय वाकडं आहे कळत नाही.

मेलिएस बघताना मला सारखे फाळके आठवत होते. मेलिएस मूळचा जादूगार, स्वतःचं जादूचं थिएटर चालवायचा. आपले दादासाहेबही जादूचे प्रयोग करायचे, नाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’. आणि परदेशी पर्यटकच म्हणायचं तर १९१२ मध्ये लंडनला गेलेले फाळके! ओळखपाळख नाही, सिनेमाविषयक साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन थडकले, तिथून सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत पोचले, कामकाज बघितलं, विल्यमसन कॅमेरा विकत घेतला आणि परत. आपण तिकडे जाऊन फ्रिजवर लावायचं चुंबक आणतो.

स्पष्टवक्ता

+१. चुंबक मीही आणलंय.

दूरदेशी

मी न्यू जर्सीत असतो. स्पष्टवक्ता यांनी पेडर रोडचं वीस रुपये तिकीट लिहिलं ते भारतीयांसाठी. परदेशी नागरिकाला तिथे पाचशेचा दर आहे. तुरिनमध्ये मी आणि माझ्यामागे उभा असलेला इटालियन, दोघांना एकच दर होता. तुलना करायचीच तर हेही लिहा. पाहुण्याकडून पंचवीस पट घेणं मला पटत नाही.

स्पष्टवक्ता

त्यात न पटण्यासारखं काय आहे? ताजमहालपासून सगळीकडे हेच आहे. इथला माणूस कर भरतो, त्याच्या पैशातून ते चालतं. आणि पाचशे रुपये म्हणजे पाच-सहा युरो. तुमच्या तुरिनमध्ये तेवढ्यात लिफ्टचं बटणसुद्धा दाबता येणार नाही.

दूरदेशी

पैशाचा प्रश्न नाही हो. दाराशीच दोन रांगा केल्या की पाहुण्याला पहिला अनुभव तोच येतो.

कालव्याकाठी

मी दोन्हीच्या मधली. तिकीट वेगळं असायला माझी हरकत नाही, पण मग पाचशे देणाऱ्याला त्या पैशाचं काहीतरी मिळावं, चांगला माहितीपट, कानाला लावायचं निवेदन, काहीही. आणि दूरदेशी, तुमच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असेल तर संग्रहालयांच्या आणि स्मारकांच्या प्रवेशशुल्कात तुम्हाला भारतीय नागरिकाचाच दर लागतो. तसा सरकारी नियम आहे. कार्ड जवळ ठेवा म्हणजे झालं.

दूरदेशी

कार्ड आहे, बायकोचं नाही. ती मेक्सिकन. म्हणजे आमच्या घरातच दोन रांगा.

चहाबाज

धाग्याचा काश्मीर व्हायच्या आत कुणीतरी खाण्याचं बोला.

कालव्याकाठी

खाण्याआधी माझंही एक. ॲमस्टरडॅमला येणार असाल तर ‘आय’ हे तिथलं सिनेमा संग्रहालय सोडू नका. सेंट्रल स्टेशनच्या मागून फुकट फेरीबोट सुटते, पाच मिनिटांत पलीकडे. २०१२ ची पांढरी टोकदार इमारत, पाण्याकडे तोंड करून. त्यांचा खजिना म्हणजे जाँ देस्मे नावाच्या एका जुन्या वितरकाचा साठा, फिल्मा, पोस्टरं, हिशेबाच्या वह्या, सगळं त्याने ठेवून दिलं होतं. युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत आहे तो. तिथे कायमच्या वस्तू तशा कमी, बदलती प्रदर्शनं जास्त. तुरिनसारखं हाताला लागणारं नाही. पण उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर बसून पाणी बघायला पैसे पडत नाहीत.

खिडकीशेजारी

खाणं! शाकाहारी असाल तर तुरिनमध्ये ‘फरिनाता’ मागा. हरभऱ्याच्या पिठाचं, भट्टीत भाजलेलं, आपल्या बेसनाच्या धिरड्याची जाडजूड बहीण. पिझ्झाच्या दुकानांत मिळतं. ‘आन्योलोत्ती’ हा तिथला भरलेला पास्ता, त्यात बहुधा मांस असतं, विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि ‘बिचेरिन’: छोट्या ग्लासात खाली घट्ट चॉकलेट, वर कॉफी, त्यावर साय. ढवळायचं नाही. ज्या दुकानाच्या नावाने तो प्रसिद्ध आहे ते १७६३ पासून चालू आहे, रांग असते. दुसऱ्या कुठल्याही जुन्या कॅफेत तितकाच चांगला मिळतो.

हडपसरचा_हरी

ताई, आमचं बुकिंग झालं. पण आत्ता बघितलं तर मिलानहून तुरिनला पोचतोय मंगळवारी सकाळी आणि बुधवारी दुपारी तीनला परतीची गाडी. बदलता येणार नाही. जमेल?

खिडकीशेजारी

आरामात जमेल. मंगळवारी इजिप्शियन संग्रहालय करा, १८२४ चं आहे, मंगळवारी उघडं असतं, बाबांना ममी दाखवा. बुधवारी सकाळी मोले उघडायच्या वेळेलाच दारात उभे राहा. आधी खालचा मजला, मग लाल खुर्च्या, मग वेळ उरला तर पोस्टरं. लिफ्टचं तिकीट काढायचंच असेल तर पहिल्या वेळेचं काढा, तेव्हा रांग कमी असते. सामान मात्र हॉटेलमध्येच ठेवा, मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत.

हडपसरचा_हरी

बाबा म्हणतायत लिफ्टमध्ये बसणारच. आई म्हणतेय मी खाली बाकावर थांबते, तुम्ही या जाऊन.

रीळवाला

आईंना त्या भुतांच्या कंदिलापाशी बसवा. आणि कुणी माहीतगार भेटला तर विचारा, त्याला दिवा कसला लावत होते.